छपराचं विधेयक आणि एर्लिंडा सेर्ना

एर्लिंडा सेर्नाने स्वतःची नोकरी घालवणाऱ्या अर्जावर सही केली, तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि जिल्ह्याची पिवळी शाळा-बस चालवत होती. सही करून तिने पेन परत दिलं, तोंड पुसलं, आणि अर्ज घेऊन आलेल्या फिदेल किंतानाला विचारलं की शाळा खरंच निघाली तर तिथे एखादी जागा असेल का. फिदेल म्हणाला, असेल, पण पगाराचं आत्ताच सांगता येणार नाही. एर्लिंडा म्हणाली, मग आधी शाळा काढा, बाकीचं बघू.

आमचं गाव ओहो सेको, न्यू मेक्सिकोच्या उत्तरेला, डोंगराच्या पोटात. मी तिथे आता पंचवीस वर्षं गणित शिकवतोय. गावाची जुनी शाळा मातीच्या विटांची, चार खोल्यांची. एका वर्षी जिल्ह्याच्या शाळा मंडळाने हिशोब मांडला, एक्केचाळीस मुलांसाठी एवढी इमारत तापवायची परवडत नाही म्हणून ठरवलं, आणि शाळेला कुलूप घातलं. मुलांनी त्रेस सेर्रोसला जायचं असं ठरलं. त्रेस सेर्रोस म्हणजे तालुक्याचं गाव म्हणा. रस्ता चांगला असेल तर बसने एक तास दहा मिनिटं, बर्फ असेल तर विचारू नका.

ती बस एर्लिंडाची. त्याआधी सोळा वर्षं ती हायस्कूलच्या थोराड पोरांची ने-आण करायची. ती पोरं मागच्या बाकांवर झोपायची किंवा एकमेकांना टपल्या मारायची, तिला काही त्रास नव्हता. आता मात्र पाच-पाच वर्षांची चिमुरडी सकाळी सहा वाजता, अंधारात, डब्यासकट बसमध्ये चढायला लागली. एर्लिंडाने ड्रायव्हरच्या सीटखाली एक पिशवी ठेवली. तिच्यात निरनिराळ्या मापांच्या चड्ड्या, पायमोजे आणि ओले रुमाल असायचे. पहिल्या महिन्यातच पिशवी दोनदा रिकामी झाली. ज्या दिवशी मार्केझांच्या धाकटीने गाडी लागून उलटी केली आणि वर "सॉरी, बाई" म्हणत स्वतःच्याच स्कार्फने जमीन पुसायला घेतली, त्या दिवशी एर्लिंडा घरी येऊन जेवली नाही. नवऱ्याने, बेलार्मिनोने, कारण विचारलं तर म्हणाली की मुलांना शाळेत न्यायला माझी ना नाही, पण मी त्यांना रोज प्रवासाला नेतेय.

म्हणून तिने ती सही केली. तो अर्ज चार्टर शाळेसाठी होता, आणि त्या शाळांचा कायदा तेव्हा नवा होता. पालकांनी मिळून शाळा काढायची, राज्याने दर मुलामागे पैसे द्यायचे, फी घ्यायची नाही, आणि जिल्ह्याच्या मंडळाची हुकमत चालायची नाही. ऐकायला झकास होतं. फक्त एक गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून सुटली होती. शाळेला भिंती लागतात. पैसे शिकवण्यासाठी होते, इमारतीसाठी एक छदामही नव्हता. इमारतींचा पैसा स्थानिक घरपट्टीतून यायचा आणि तो सगळा जिल्ह्याच्या मंडळाकडे जायचा.

ओहो सेकोत कुलूप लावलेली शाळा सोडली तर मोठी जागा एकच, बंद पडलेलं बोलिंगचं सभागृह. ते आम्ही भाड्याने घेतलं. चेंडू घरंगळवायच्या सहा लाकडी पट्ट्या होत्या. मधे फळ्या ठोकून खोल्या केल्या. तिसरीचा वर्ग चौथ्या पट्टीवर बसायचा. त्या गुळगुळीत लाकडावर खुर्च्या घसरायच्या, आणि पेन्सिल पडली की थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत जायची. मालक दूर लास क्रूसेसला राहायचा आणि भाडं दर वर्षी वाढवायचा. शाळेला मिळणाऱ्या दर सात डॉलरांतला एक त्याच्याकडे जायचा. छप्पर पत्र्याचं होतं, गारा पडल्या की शिकवणं थांबवावं लागे.

एर्लिंडा तिथे ऑफिसात बसायची. म्हणजे फोन घ्यायची, हजेरी लावायची, ताप मोजायची, दुपारचं जेवण वाढायची, आणि पाइप गोठले की बेलार्मिनोला बोलावायची. बेलार्मिनो विहिरींचे पंप दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याला पाइपांचं कळायचं आणि फुकट काम करायची सवयही लागली होती. पगार बसच्या निम्मा होता. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण बेलार्मिनो अधूनमधून म्हणायचा, "माझ्या बायकोने अशी बढती मिळवली, की आता मी दुप्पट काम करतो."

आता तिच्या नणंदेबद्दल सांगायला हवं. व्हायोला सेर्ना बेलार्मिनोची मोठी बहीण. लग्न केलं नाही, त्रेस सेर्रोसच्या बँकेत तीस वर्षं नोकरी केली, आणि जिल्ह्याच्या शाळा मंडळाची ती अध्यक्ष होती. आमची शाळा बंद करायचा ठराव तिच्याच सहीचा. एर्लिंडाच्या थोरल्या मुलीची ती बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या. हे नातं जोडलं की एकमेकींना अहो-जाहो करायचं, अशी आमच्याकडची रीत. पाठच्या बहिणीसुद्धा कोमाद्रे झाल्या की 'तू'वरून 'तुम्ही'वर येतात. या दोघी बावीस वर्षं तशाच बोलत होत्या. ख्रिसमसला एकत्र मक्याच्या पिठाचे, पानात वाफवलेले तमाले करायच्या, शाळेचा विषय निघाला की दोघींपैकी एक उठून चुलीवर काहीतरी ढवळायला जायची.

शाळा निघून तीन वर्षं झाली आणि त्या हिवाळ्यात सांता फेच्या विधानसभेत एक विधेयक आलं. त्याला काहीतरी लांबलचक नाव होतं, आम्ही त्याला छपराचं विधेयक म्हणायचो. घरपट्टीतून इमारतींसाठी येणाऱ्या पैशातला वाटा मुलांच्या संख्येप्रमाणे चार्टर शाळांनाही द्यावा, असं त्यात होतं. आम्हाला वाटलं, आपलं भाग्य उजळलं. शिक्षण समितीपुढे सुनावणी होती. ज्याला बोलायचं असेल त्याने यावं, प्रत्येकाला दोन मिनिटं. फिदेल आमचा मुख्याध्यापक, तोच जाणार होता. त्याने आठवडाभर आरशापुढे सराव केला आणि आदल्या दिवशी त्याला असा ताप भरला की आवाजच बसला. फोनवर त्याचं फक्त घुर्रघुर्र ऐकू यायचं. एर्लिंडाने दोन मिनिटं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही झोपा, सर. मी जाते. मास्तर गाडी चालवतील."

मास्तर म्हणजे मी. मला कोणी विचारलं नव्हतं.

सकाळी निघालो. शाळेची व्हॅन, मागे वह्यांचे खोके, पुढे एर्लिंडा तिच्या चर्चच्या कोटात, मांडीवर बिस्कोचितोंचा डबा. ती बिस्किटं समितीसाठी होती. मी म्हटलं, असं आमदारांना काही खायला दिलं तर लाच होत नाही का. तिने विचार केला आणि दोन बिस्किटं मला दिली. म्हणाली, "सगळ्यांनाच देऊ. विरोधकांनाही. मग कसली लाच?"

विधानभवन गोल आहे. दोनदा आम्ही चालत चालत परत त्याच दाराशी आलो. सुनावणी साडेआठची होती, पण आमच्या विधेयकाच्या आधी नऊ विधेयकं होती आणि त्यातलं एक शाळेतल्या दुधाबद्दलचं होतं. दुधावर पावणेदोन तास गेले. एर्लिंडाला कंटाळा आला असेल म्हणून मी बघितलं, तर ती पुढे झुकून ऐकत होती आणि तिचं पक्कं मत झालेलं होतं. मला हळूच म्हणाली की तो पिवळ्या टायचा माणूस चुकतोय, पोरं दूध टाकतात ते चवीमुळे नाही, खोका फोडता येत नाही म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत चार्टर शाळांच्या संघटनेच्या एक बाई आम्हाला शोधत आल्या. उंच टाचा, हातात फायलींचा गठ्ठा. फिदेल येणार नाही हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी एर्लिंडासाठी एक छापील कागद आणला होता. फक्त वाचायचं, बरोबर एक मिनिट पन्नास सेकंदांचं होतं. एर्लिंडाने चष्मा लावून ते वाचलं. जिल्ह्यांच्या शाळा मुलांना वाऱ्यावर सोडतात, तिथली मंडळं स्वार्थी आहेत, आमची मुलं त्या सापळ्यातून सुटली आहेत, असा एकूण मजकूर. तिने कागदाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

"छान लिहिलंय," ती म्हणाली.

बाई खूश होऊन गेल्या. मी विचारलं, वाचणार का. एर्लिंडाने समोर बोट दाखवलं. सभागृहाच्या दाराशी, निळ्या कोटात, केस घट्ट बांधलेली, हातात वही घेतलेली व्हायोला उभी होती. विधेयकाच्या विरोधात बोलायला आली होती.

"रविवारी माझ्याकडे जेवायला आहेत त्या," एर्लिंडा म्हणाली. "हे वाचलं तर पानात काय वाढू?"

तीन वाजता आमचा नंबर लागला. समितीचे लोक अर्धगोलात बसलेले, समोर एक टेबल, त्यावर माइक आणि वेळ दाखवणारा दिवा. आधी दोघं-तिघं बोलले, आकडे सांगितले. मग एर्लिंडाचं नाव पुकारलं. ती बसली, माइक स्वतःकडे ओढला आणि त्याचा असा कर्कश आवाज झाला की सगळे दचकून जागे झाले. त्याचा फायदाच झाला.

"माझं नाव एर्लिंडा सेर्ना. मी ओहो सेकोच्या शाळेत ऑफिस बघते. त्याआधी एकोणीस वर्षं जिल्ह्याची बस चालवत होते, त्यामुळे दोन मिनिटं म्हणजे काय ते मला कळतं. मला एक कागद दिलाय. त्यात लिहिलंय की जिल्ह्याच्या शाळा वाईट आहेत. मी माझी दोन्ही मुलं तिथेच शिकवली. त्या शाळा वाईट नाहीत, लांब आहेत. पाच वर्षांचं मूल दिवसाचे अडीच तास बसमध्ये बसलं की शाळेत पोचेपर्यंत त्याची शाळा संपलेली असते. म्हणून आम्ही आमची काढली. ती बोलिंगच्या हॉलमध्ये भरते. तिथे गारा पडल्या की आम्ही खुणांनी शिकवतो."

कोणीतरी हसलं. ती थांबली नाही.

"आता तुमचं हे विधेयक. यात आमच्या भाड्याचे पैसे त्रेस सेर्रोसच्या वाट्यातून काढायचं लिहिलंय. तिथल्या जिममध्ये गळतं. मी बघितलंय, चार बादल्या ठेवल्यात. त्या बादल्यांच्या मधे माझ्या भावाच्या पोरी बास्केटबॉल खेळतात. त्यांच्या छपराचं भोक मोठं करून आमचं बुजवायचं असेल तर मला नको. चार्टर शाळा काढा असं राज्याने सांगितलं, तर छपराचंही राज्यानेच बघावं. आणि आमच्या गावात शाळेची एक इमारत आहे. सहा वर्षं कुलूप आहे. आत जुनी टेबलं ठेवलीत. मुलं बोलिंगमध्ये आणि टेबलं शाळेत, असं चाललंय. माझं झालं."

दिवा अजून हिरवा होता.

संघटनेच्या बाई माझ्या पुढच्या रांगेत होत्या. त्यांची मान हळूहळू खाली जाताना मला दिसली. समितीत एक म्हातारे आमदार होते, पूर्वेकडचे, गुराढोरांचा धंदा करणारे. ते सकाळपासून डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, बाई?"

"माझ्या नणंदेकडे," एर्लिंडा म्हणाली. "त्या बघा, तिसऱ्या खुर्चीवर. निळा कोट."

सगळं सभागृह मागे वळलं. व्हायोलाने वहीतून मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झालेले मला एवढ्या लांबून दिसले.

मग तिची पाळी आली. ती ताठ बसली आणि बोलली, वहीत न बघता. मिसेस सेर्ना म्हणाल्या ते बादल्यांचं खरं आहे, असं तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं. जिल्ह्यात सात इमारती आहेत, मुलं दर वर्षी कमी होतात, छपरं मात्र तेवढीच राहतात. घरपट्टीतला वाटा गेला तर पुढच्या वर्षी आणखी एक शाळा बंद करावी लागेल आणि ती पुन्हा मलाच करावी लागेल, एवढं तिने सांगितलं. आवाज कुठेही चढला नाही. कुलपाबद्दल ती काहीच बोलली नाही, आणि म्हाताऱ्या आमदारांनीही तिला काही विचारलं नाही. बहुतेक घरातलं भांडण नको म्हणून.

समितीने मत घेतलं नाही. समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या की पैसा कुठून यायचा ते कलम पुन्हा लिहा आणि दहा दिवसांनी आणा. संघटनेच्या बाईंनी बाहेर आल्यावर एर्लिंडाला अगदी सौम्य आवाजात विचारलं की कागद हरवला का. एर्लिंडाने पर्समधून काढून तो परत दिला. त्यावर एका बिस्किटाचा चुरा होता.

आम्ही गाडीपाशी पोचलो तेव्हा बर्फ सुरू झालं होतं. दोन ओळी पलीकडे व्हायोलाची गाडी. ती आत बसून किल्ली फिरवत होती आणि गाडी फक्त खोकत होती. बॅटरी गेली होती. मी तारा जोडून बघितल्या, उपयोग झाला नाही. एर्लिंडाने व्हॅनचं मागचं दार उघडलं, वह्यांचे खोके बाजूला केले आणि म्हणाली, "कोमाद्रे, बसा. उद्या बेलार्मिनो येऊन गाडी घेऊन जाईल."

व्हायोलाने रस्त्याकडे बघितलं, बर्फाकडे बघितलं, आणि बसली.

पहिला तासभर व्हॅनमध्ये मी एकटाच बोलत होतो. हवामान, टायर, दुधाचं विधेयक. पुढे बर्फ ढकलणारं यंत्र रस्ता अडवून चाललं होतं, म्हणून वाटेतल्या एका खाणावळीशी थांबलो. हिरव्या मिरचीचा रस्सा मागवला, पोळ्यांसारख्या गरम तोर्तिया आल्या. पहिल्या चार घासांनी तिघांच्याही नाकाला पाणी सुटलं, आणि नाक पुसता पुसता माणसाला फार वेळ रुसून बसता येत नाही.

"नणंदेकडे आहे म्हणालात," व्हायोला म्हणाली. "भर सभेत. बोटाने दाखवून."

"त्यांनी विचारलं."

"तुम्हाला वाटतं, मी अडवून धरलंय?"

"हो," एर्लिंडा म्हणाली.

व्हायोलाने तोर्तियाचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. मग तिने सांगितलं. शाळा बंद केली त्याच वर्षी मंडळाने एक इंजिनियर पाठवला होता. छपराचे जुने ओंडके, दोन खोल्यांवरचे, आतून किडलेले निघाले. दुरुस्तीला पैसा नव्हता, आणि कोणाला वापरायला दिलं आणि वरून काही पडलं तर जबाबदारी मंडळाची. म्हणून कुलूप.

एर्लिंडाने चमचा खाली ठेवला. "हे सहा वर्षांत कोणाला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? ओंडके किडलेत म्हटलं की लोक म्हणणार, वेळेवर बदलले का नाहीत. बदलायला घेतले की म्हणणार, मग बंद का केली. त्या भिंतींच्या विटा माझ्या बाबांनी थापल्यात, एर्लिंडा. मी त्या शाळेत वाचायला शिकले. ती बंद करायच्या ठरावावर मी सही केली ती मन दगडाचं करून, आणि दुसऱ्या दिवशीपासून गावात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. आणि तू." तिने नाक पुसलं. ते मिरचीने असेल. "तू त्या अर्जावर सही केलीस ते मला पेपरात वाचून कळलं. आधी सांगितलं नाहीस."

त्या बावीस वर्षांत दोघींचं बोलणं ऐकायला मी काही तिथे नव्हतो, पण नंतर एर्लिंडानेच मला सांगितलं की कोमाद्रे झाल्यापासून व्हायोला तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती.

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात," एर्लिंडा म्हणाली. "आणि मी ऐकलं असतं. म्हणून नाही सांगितलं."

मी उठून बिल द्यायला गेलो आणि मुद्दाम रेंगाळलो. परत आलो तेव्हा दोघी खाणावळीच्या कागदी रुमालावर काहीतरी काढत होत्या. चार खोल्या, त्यातल्या कोणत्या दोन खोल्यांवरचे ओंडके गेलेत, कोणत्या धड आहेत. व्हायोला म्हणत होती की धड असलेल्या दोन खोल्या लगेच देता येतील. एर्लिंडा म्हणत होती की मुलं चौसष्ट आहेत, दोन खोल्यांत त्यांना उभंच करावं लागेल. उरलेला रस्ताभर त्या ओंडक्यांवर भांडल्या, आणि मला रस्ता दिसत नव्हता तरी ते भांडण ऐकायला बरं वाटत होतं.

दहा दिवसांनी विधेयक नव्या रूपात आलं. भाड्याचा पैसा राज्याच्या इमारत निधीतून द्यायचा, जिल्ह्यांच्या वाट्याला हात लावायचा नाही. आणि मागे एक नवं कलम जोडलं होतं. जिल्ह्याकडे पडून असलेली शाळेची इमारत तिथल्या चार्टर शाळेने मागितली तर आधी तिला द्यायची, नाममात्र भाड्याने, आणि दुरुस्तीचा खर्च राज्याच्या निधीतून मागता येईल. त्या वेळी व्हायोला विधेयकाच्या बाजूने बोलली. एक मिनिट वीस सेकंद. एर्लिंडाला जाता आलं नाही, शाळेत उवांची साथ होती.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी विधेयक मंजूर झालं, राज्यपालांनी सही केली. मात्र मधल्या वाटाघाटींत निधी जवळजवळ निम्मा झाला होता. आमची दुरुस्ती पहिल्या वर्षीच्या यादीत आली नाही. दुसऱ्या वर्षी आली, आणि तीही एकाच खोलीपुरती. दुसऱ्या खोलीचे ओंडके गावाने बदलले. बेलार्मिनो आणि आणखी सातजण डोंगरातून झाडं तोडायचा परवाना काढून ओंडके घेऊन आले. एर्लिंडा खाली उभी राहून ओंडके वर कसे चढवायचे ते सांगत होती. तिने आयुष्यात एकही ओंडका चढवला नव्हता, पण मोठी गाडी मागे घेण्याचा अनुभव होता. सूचना बरोबर निघाल्या.

त्या शरद ऋतूत शाळा बोलिंगमधून हलली. उद्घाटन वगैरे केलं नाही. मुलांनी आपापली खुर्ची डोक्यावर घेऊन गावातून मिरवत नेली, एवढंच. किल्ली व्हायोलाने स्वतः आणून दिली, आणि कुलूप गंजलेलं असल्यामुळे ती चाललीच नाही. बेलार्मिनोने ते कापलं.

सगळंच काही गोड झालं नाही. तीन वर्षांनी जिल्ह्याला आणखी एक शाळा बंद करावी लागली, दक्षिणेकडच्या खेड्यातली. आमच्या विधेयकाचा त्यात संबंध नव्हता, मुलंच उरली नव्हती. पण त्या खेड्यातले लोक ते आमच्यावरच ढकलतात, आणि एर्लिंडा तिकडे बाजाराला गेली की काहीजण अजून तोंड फिरवतात. तिला ते लागतं. व्हायोलाने त्या ठरावावर सही केली आणि पुढच्या निवडणुकीला उभी राहिली नाही. त्या दिवशी एर्लिंडा सकाळीच तिच्या घरी गेली आणि दोघींनी दिवसभर मिरच्या भाजल्या, असं बेलार्मिनोने मला सांगितलं. काय बोलल्या ते त्यालाही माहीत नाही.

एर्लिंडाने ऑफिसात आणखी बारा वर्षं काढली आणि मग निवृत्त झाली. आता गुडघे दुखतात, गाडी मुलगी चालवते. पण विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं की एक दिवस ती सांता फेला जातेच. तिथलं कॅन्टीन तिला आवडतं, आणि समितीच्या खोल्यांतल्या कोणत्या खुर्च्या पाठीला बऱ्या ते तिला ठाऊक आहे. कुठलंही विधेयक चालतं. मागच्या वर्षी ती मधमाश्यांच्या परवान्यावरची अख्खी सुनावणी ऐकून आली आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून सगळी सविस्तर सांगितली. तिच्या मते मधमाशीवाले बरोबर होते, फक्त त्यांना दोन मिनिटांत बोलता आलं नाही.